पासपोर्ट फोटोवाल्याने कुत्र्यांच्या स्टुडिओला दिलेले साडेतीन तारे

तारे आधीच सांगून टाकतो: पाचापैकी साडेतीन. दीड कुठे कापले ते पुढे येईलच. स्टुडिओचं नाव मुद्दाम लिहीत नाही. जुन्या पादरा रोडच्या बाजूला एका कॉम्प्लेक्सच्या तळघरात एका पोराने एकट्याने मांडलेला संसार आहे तो. माझ्या कुरकुरीने त्याचं गिऱ्हाईक तुटायला नको. बडोद्यात ज्यांच्या घरी कुत्रं आहे ते ओळखतीलच.

कुरकूर धंद्यातल्या माणसाची आहे, हे मात्र लक्षात असू द्या. १९८४ ते २०१५ अशी एकतीस वर्षं रावपुऱ्यात माझा फोटो स्टुडिओ होता. लग्नं केली, मुंजी केल्या, बारशी केली, पण चूल पेटली ती पासपोर्ट साइजवर. "मान सरळ, तोंड बंद, हसू नका" हे मराठी-गुजराती-हिंदी मिळून किती हजार वेळा म्हटलं असेल त्याचा हिशेब नाही. म्हणजे चेहऱ्यावरचे भाव घालवायचे मी पैसे घेत होतो. आता हा मुलगा भाव आणायचे पैसे घेतो, तेही कुत्र्याच्या चेहऱ्यावर. त्यामुळे जाताना मनात थोडी खोच होतीच.

ज्या मॉडेलला घेऊन गेलो ती आमची ठमी. ठमी ही २०२४ च्या पुराची देणगी. त्या वर्षी गोकुळाष्टमीला पाऊस लागला तो थांबेचना. विश्वामित्री नदीची धोक्याची पातळी २६ फूट, पाणी ३५ च्याही वर गेलं. आमच्या समा भागात तळमजले बुडाले, आणि बडोद्यातल्या रस्त्यांवरच्या मगरी सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिल्या. तशात एका पहाटे आमच्या दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर एक काळी, निथळणारी कुत्री बसलेली. भुंकली नाही, केकाटली नाही. दार उघडलं की मान खालीच ठेवून डोळे वर करायची आणि भुवयांचे आतले कोपरे, नाकाच्या वरचे, अस्से उचलायची. घरात वीज नाही, दूध नाही, माणसं दोन आणि पार्ले-जीचे पुडे तीन. ही म्हणाली, "अहो, बघा ना कशी बघतेय." मी बघितलं आणि तिथेच फसलो. पुडे दोन राहिले.

ठमी अंगाने अस्सल गावठी, रंगाने काळीकुळकुळीत, फक्त दोन्ही डोळ्यांच्या वर एकेक बदामी ठिपका. माझी आजी असल्या कुत्र्याला चार डोळ्यांचं म्हणायची. ऋग्वेदात यमाच्या दोन कुत्र्यांना ‘चतुरक्ष’ म्हटलंय, तेही अशाच ठिपक्यांवरून असावं असं मला आपलं वाटतं. तर हे ठिपके भुवईबरोबर वरखाली होतात, त्यामुळे ठमीने भुवई उचलली की हॉलच्या दुसऱ्या टोकावरून कळतं. मोबाइलवर मात्र काही म्हणता काही येत नाही. मोबाइल मागच्या पांढऱ्या भिंतीवरून उजेड ठरवतो आणि आमच्या ठमीचा होतो डांबराचा गोळा. "तुम्ही एवढे फोटोग्राफर, आणि घरच्या कुत्रीचा एक धड फोटो नाही," हे हिने इतक्यांदा ऐकवलं, की शेवटी मुलीने पुण्याहून त्या स्टुडिओचं बुकिंग करून टाकलं. पंचेचाळीस मिनिटं, टचिंग केलेले आठ फोटो, एक ८ बाय १२ ची प्रिंट, एकूण १,८०० रुपये. माझ्या धंद्याच्या काळात एवढ्यात अख्खं बारसं व्हायचं, पण ते असो.

मे महिना, सकाळचे अकरा. आमच्या आधी एक हस्की आलेला. बेचाळीस डिग्रीत हस्की पाळणाऱ्यांना काय म्हणावं, पण ते बाजूला ठेवू. कुत्रा गाडीतून उतरून आत येईपर्यंत जीभ हातभर बाहेर, ओठ कानापर्यंत ताणलेले. मालकीणबाई कौतुकाने म्हणतात, "जुओ, हसे छे!" अहो बाई, हसत नाहीये, तापलाय. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकून अंग थंड करतो. ओठ मागे, तोंड उघडं, जीभ बाहेर हे त्याचं एक्झॉस्ट आहे. कुत्रा निवांत असतानाही तोंड सैल सोडून बसतो हे खरं, पण तेव्हा जीभ अशी पसरट चमच्यासारखी लोंबत नाही आणि डोळ्यांच्या कडा ताणलेल्या नसतात. त्या मुलाने हे ओळखलं. हस्कीला पंधरा मिनिटं एसीखाली बसवलं, पाणी पाजलं, तोंड मिटेपर्यंत कॅमेऱ्याला हात लावला नाही. आमचा नंबर त्यापायी वीस मिनिटं उशिरा आला. याचे तारे मी कापलेले नाहीत, उलट वाढवलेत.

उजेडाचं कामही चोख. काळ्या जनावराला काळा पडदा लावला तर ते पडद्यात जातं, पांढरा लावला तर कापून चिकटवल्यासारखं दिसतं. याने राखाडी पडदा लावला. एका बाजूने मोठा सॉफ्टबॉक्स, खिडकीसारखा, आणि मागून एक बारीक दिवा, ज्याने ठमीच्या कानांची आणि पाठीची कड सुटून दिसली. फ्लॅश नाहीच, सगळे चालू दिवे, म्हणजे कुत्र्याच्या डोळ्यांवर वीज पडत नाही. दोन्ही बुबुळांत उजेडाचा एकेक चौकोन बरोबर बसलेला. तो चौकोन नसला तर गडद डोळा मेलेला दिसतो; रावपुऱ्यात माझ्या हाताखालच्या पोरांना मी सगळ्यांत आधी हेच शिकवायचो. मनातल्या मनात पैकीच्या पैकी दिले.

पहिला अर्धा तारा गेला तो फरशीवर. चकचकीत व्हिट्रिफाइड. फोटोत प्रतिबिंब छान पडतं म्हणे. ठमीचे पाय चारी दिशांना. नखं रोवायला जागा नाही म्हटल्यावर तिने शेपूट आत घेतली आणि अंगाचं मुटकुळं केलं. दहा मिनिटं त्यात गेली. शेवटी मीच कोपऱ्यातली योगा मॅट ओढून आणली. कुत्र्यांचा स्टुडिओ काढायचा आणि पायाखाली काचेसारखी जमीन घालायची, हे म्हणजे न्हाव्याच्या खुर्चीला पाठ नसण्यासारखं. घरून तुमची सतरंजी घेऊन जा.

आता मुख्य गोष्ट. मॅटवर ठमी स्थिरावली आणि त्याने खेळणं वाजवलं, ते दाबलं की चीं करतं ते. ठमीचे कान ताठ, डोळे वाटाण्याएवढे. तीन-चार क्लिक. मग नाकासमोर बिस्किट धरलं. मान बिस्किटाबरोबर डावीकडे, उजवीकडे, लाळ टपकतेय. आणखी सहा-सात क्लिक. पडद्यावर बघितलं तर सगळे फोटो नीट, फोकस नीट, आणि ठमी त्यांत नाहीच. कुठल्याही बिस्किटाच्या जाहिरातीतलं कुठलंही काळं कुत्रं. हीसुद्धा म्हणाली, "ही आपली नव्हे."

मुलगा घटकाभर गप्प राहिला. मग बिस्किटाचा डबा बंद करून हिला म्हणाला, "काकी, तमे अहीं मारी पाछळ आवी जाओ ने." ही त्याच्या खांद्यामागे जाऊन उभी राहिली. हातात काही नाही. नुसती म्हणाली, "काय गं ठमे?" आणि ते दोन बदामी ठिपके उठले. आधी डावा, मग दोन्ही. पुरातली तीच पायरी, तेच डोळे. कॅमेरा खडखडत होता, सेकंदाला दहा-दहा फ्रेम. माझ्या जुन्या यशिका कॅमेऱ्यात एका रोलवर बारा फोटो यायचे. ही भुवई उठून खाली येईपर्यंत माझं एकदा बटण दाबून झालं असतं, तेही बहुतेक उशिरा.

मला हे पाहून स्वतःचीच गंमत वाटली, कारण तान्ह्या पोरांच्या फोटोला आमचीही हीच युक्ती होती. खुळखुळ्याने मूल बघतं, पण आई कॅमेऱ्यामागे उभी राहिली की मूल उमलतं. कुत्र्याच्या बाबतीत मात्र मी पक्का बिस्किटवादी होतो. माझी भाची आणंदच्या व्हेटरनरी कॉलेजात शिकलेली. तिला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "मामा, यावर रीतसर प्रयोग झालाय." इंग्लंडातल्या पोर्ट्समथ विद्यापीठात ज्युलियन कामिन्स्की या बाईंनी २०१७ साली चोवीस कुत्र्यांवर करून पाहिलं. समोर एक माणूस, कधी कुत्र्याकडे तोंड करून, कधी पाठ फिरवून. हातात कधी खाऊ, कधी रिकामा. माणसाचं तोंड कुत्र्याकडे असलं की चेहऱ्याच्या हालचाली वाढायच्या, भुवया त्यात पुढे. खाऊ हातात असण्या-नसण्याने फरक पडला नाही. म्हणजे तो चेहरा बिस्किटासाठी नाहीच मुळी. समोर बघणारं कोणी असावं लागतं.

मग भाची सुटलीच. २०१९ साली याच मंडळींनी अमेरिकेतल्या शरीरशास्त्रज्ञांबरोबर कुत्र्यांचे आणि लांडग्यांचे चेहरे उघडून पाहिले. भुवईचा आतला कोपरा उचलणारा स्नायू तपासलेल्या सगळ्या कुत्र्यांत धडधाकट, लांडग्यांत त्या जागी तुरळक धागे. डोळ्याची बाहेरची कड मागे ओढणारा आणखी एक स्नायू आहे, तोही कुत्र्यांत होता. अपवाद एकच, त्यांच्यातला सायबेरियन हस्की. (हे त्या बाईंना सांगायला मी परत जाणार नाही.) पुढे असंही दिसलं, की कुत्र्याच्या चेहऱ्याच्या स्नायूंत पटकन आकसणारे धागे लांडग्यापेक्षा कितीतरी जास्त असतात. म्हणूनच यशिका कमी पडली असती.

यावरून मी लगेच ऐटीत म्हटलं, "म्हणजे हजारो वर्षं आपल्याकडे बघून बघून यांचा चेहरा घडला तर." भाची म्हणाली, "थांबा." आफ्रिकेतले रानकुत्रे माणसाच्या वाऱ्यालाही उभे राहत नाहीत, आणि २०२४ मध्ये त्यांच्या चेहऱ्यातही हेच स्नायू चांगले भरलेले सापडले. ते कळपात एकमेकांना बघतात, डोळ्यांनी बोलतात, त्यासाठी असतील. म्हणजे निव्वळ माणसासाठी म्हणून हे घडलं असं छातीठोक म्हणता येत नाही. माझी ऐट तिथे उतरली. पण त्या भुवईने माणूस विरघळतो याला काही तोड नाही. इंग्लंडातच २०१३ साली अनाथ कुत्र्यांच्या आसऱ्यांत मोजलं होतं. दोन मिनिटांत पाच वेळा भुवई उचलणाऱ्याला घर मिळायला सुमारे पन्नास दिवस लागले, पंधरा वेळा उचलणाऱ्याला अठ्ठावीस. ठमीला आमच्या पायरीवर साधारण चार मिनिटं लागली.

बरं, आता तक्रार. पुरा एक तारा इथे गेला.

पंचवीस मिनिटांत काम झालं म्हणताना मुलाने खडूने लिहिलेली एक छोटी पाटी काढली. "मैंने काकी की चप्पल खाई।" पाटी कुत्र्याच्या गळ्यात अडकवायची, काकूंनी जरा दरडवायचं, कुत्रं अपराधी तोंड करतं, फोटो काढायचा. सगळ्यांत जास्त हाच फोटो विकला जातो म्हणे, तीनशे रुपये जादा. हिला आधी मजा वाटली. ही ओरडली, "ठमे! काय केलंस हे?" ठमीचे कान डोक्याला चिकटले, मान वळली, पण डोळे आमच्यावरच, कडेने पांढरं दिसायला लागलं. जिभेने दोनदा स्वतःचं नाक चाटलं. मुलगा खूश, "परफेक्ट, काकी, परफेक्ट!" मी म्हटलं, बंद कर.

ठमीने आजवर कोणाचीही चप्पल खाल्लेली नाही. माझ्या चपलेचा तर तिला वासही आवडत नाही. ज्या गुन्ह्याचा तिला पत्ता नाही त्याची कबुली तिच्या तोंडावर कुठून येणार? न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजातल्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये चौदा कुत्र्यांवर नेमकं हेच तपासलं. मनाई केलेला खाऊ कुत्र्याने खाल्ला काय, न खाल्ला काय, ‘अपराधी’ चेहरा यायचा तो मालक रागावला की. म्हणजे तो चेहरा कबुली नव्हे, "मारू नका" आहे. मान वळवणं, नाक चाटणं, पांढरं दिसणं, सगळं तेच सांगतं. आणि आपण त्यावर पाटी लावून व्हॉट्सॲपवर पाठवतो.

इतका चिडलो त्याला कारण आहे. धंद्यात एक घाईचा दिवस होता, शाळांचे फॉर्म भरायचे दिवस, दुकानात रांग. पाच-सहा वर्षांची एक मुलगी काही केल्या हसू थांबवेना. मी ओरडलो. फोटो नियमात बसला. मान सरळ, तोंड बंद, डोळे विस्फारलेले. तिच्या आईने फोटो हातात घेऊन एकदा माझ्याकडे बघितलं, पैसे दिले आणि गेली. तो निगेटिव्ह मी बरेच दिवस फेकला नाही. का, ते सांगता येणार नाही. त्या मुलाला मी एवढंच म्हटलं, "भाई, हे पॅकेज काढून टाक." तो "काका, डिमांड छे" म्हणाला. डिमांड असेल. माझा एक तारा नसेल.

फोटो सहा दिवसांत म्हणाला होता, तेरा दिवसांनी आले. हे मी धंद्याचा रिवाज म्हणून सोडून देतो. लग्नाचे अल्बम आम्ही कधी वेळेवर दिले होते? पण आल्यावर बघतो तर आठही फोटोंत ठमीचे डोळे वाढवलेले. थोडेच, पण आमच्या नजरेतून कसे सुटणार? कपाळही जरा फुगवलेलं, तोंड आखूड. हिला लगेच कळलं नाही, "किती गोड दिसते," म्हणाली, आणि तेच तर त्यातलं गुपित आहे. मोठे डोळे, मोठं कपाळ, आखूड नाक, हे तान्ह्या मुलाचं माप. कॉनराड लॉरेन्झ या ऑस्ट्रियन प्राणिशास्त्रज्ञाने १९४३ मध्येच लिहून ठेवलंय, की हे माप दिसलं की माणसाचा हात आपोआप उचलून घ्यायला पुढे जातो. बाहुल्या करणारे तेच माप वापरतात. पण ठमी सहा-सात वर्षांची रस्त्यावरची बाई आहे, हनुवटीखाली पांढरे केस आलेत. तेही त्याने पुसले होते. मीही आयुष्यभर निगेटिव्हवर पेन्सिलने टचिंग केलं, मुरमं घालवली, डोळ्यांखालची काळी वर्तुळं घालवली, पण माणूस बदलून दिला नाही.

फोन केला. वाद घालेल वाटलं होतं. नाही घातला. "काका, सॉफ्टवेअर मां ऑटोमेटिक थई जाय छे," एवढं म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी आठही मूळ फोटो, नुसता उजेड-रंग नीट करून, एक पैसा जादा न घेता पाठवले. प्रिंटही मॅट कागदावर, काळ्यातला केस न् केस सुटा. असा काळा रंग मला माझ्या डार्करूममध्ये दहात एखाद्याच वेळी जमायचा. जाणाऱ्या ताऱ्याला इथे ब्रेक लागला.

जायचं असेल तर सकाळचा पहिला नंबर घ्या. सतरंजी न्या, पाणी न्या. कुत्र्याला ज्याची ओढ आहे त्या माणसाला बरोबर न्या आणि कॅमेऱ्यामागे उभं करा, मग तो घरचा मालक नसून स्वयंपाकाला येणाऱ्या बाई असल्या तरी चालेल. बिस्किटं खिशातच राहू द्या. डोळे वाढवायचे नाहीत हे बुकिंग करतानाच सांगा. आणि पाटीचं पॅकेज घेऊ नका.

आठांतला सहावा फोटो आम्ही निवडला. मान खाली, डावा ठिपका उजव्यापेक्षा केसभर वर, नजर लेन्सच्या किंचित बाजूला, जिथे ही उभी होती तिथे. हिने तो देवघराशेजारी दत्ताच्या तसबिरीला लागून टांगला. मी म्हटलं, देवाजवळ कुत्रीचा फोटो? तर म्हणाली, "त्याच्या पायाशी चार आहेतच की." फ्रेमचे तो सहाशे मागत होता. मांडवीत माझ्या ओळखीच्या काचवाल्याकडून दोनशे ऐंशीत करून आणली.